लाभ, दोन, तीन

बस चालवणाऱ्याकडे किस्से सीटखालच्या वाळूसारखे जमतात. रोज झाडा, रोज तेवढीच निघते. कुठून आली ते विचारू नये. झाडावी आणि गाडी काढावी.

मी अठ्ठावीस वर्षं दुबईत गाडी चालवली. त्यातली अकरा वर्षं एका कॉलेजची बस. शिक्षण चौथी. अपघात एकही नाही, दंड एकही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक विचारतात, "काका, तेव्हा तुमची झोप पुरी व्हायची का?" व्हायची.

आता मुलगा दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. त्याच्याकडे आलो की जुनी मंडळी जमतात, चहा होतो, आणि कोणीतरी म्हणतं, तो फुटबॉलचा सीझन सांगा. नातू कानातलं काढून विचारतो, "आजोबा, इज इट अ घोस्ट स्टोरी?" मी म्हणतो, नाही, फुटबॉलची आहे. किस्से अंधारातले असतात असं लोकांना वाटतं. माझे सगळे उजेडातले आहेत. नव्वदच्या दशकातले. तेव्हा पोरांच्या हातात मोबाइल नव्हते. माणूस गाडीत नसेल तर नसे. फोन करून विचारायची सोय नव्हती.

*

माझा बाप खळ्यावर भात मोजायचा, चिपळूणच्या बाजूला. पहिल्या पायलीला तो 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन, चार. मी लहानपणी विचारलं, एक का नाही म्हणायचं? म्हणाला, "एक म्हटलं की रास एकटी पडते." बापाला दोनदा विचारायची पद्धत आमच्यात नव्हती.

मी टीमची पोरं तशीच मोजायचो. गाडी पंचवीस सीटची होती. दाराचा लीव्हर माझ्या उजव्या हाताला. दाराची खालची पायरी सैल होती, माणूस चढला किंवा उतरला की कुरकुरायची. मला मान वळवावी लागत नसे. पायरी वाजली की लाभ. परत वाजली की दोन. सोळाव्यांदा वाजली की दार लावायचं आणि निघायचं. कोच जॉर्ज सर पुढच्या घडीच्या सीटवर बसायचे. ते आणि मी मोजणीत नाही. मोजणारा स्वतःला मोजत नाही.

पहिल्याच दिवशी कॅप्टन मुजाहिद, हैदराबादचा पोरगा, म्हणाला, "चाचा, ये लाभ कौन है? हमारी टीम में तो लाभ नाम का कोई नहीं."

मी म्हटलं, "जो पहले चढेगा, वो."

पहिला नेहमी नदीम चढायचा. आमचा गोलकीपर. टीममध्ये मलबारी, हैदराबादी, दोन पाकिस्तानी, एक गोव्याचा असे सगळे होते. मराठी बोलणारा नदीम एकटा. मूळ श्रीवर्धनचा, जन्म इथला. एकोणीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. त्याला दारामागची पहिली सीट लागायची, खिडकीजवळची. शेजारच्या रिकाम्या सीटवर तो ग्लव्हज ठेवायचा.

आठवड्याभरात त्याचं नाव लाभ पडलं. "ए लाभ, बॉल फेक." "लाभ, पानी दे." महिन्याभरात प्रिन्सिपलसाहेबांनी नोटीसबोर्डावर टीम लावली. गोलकीपरच्या जागी लिहिलं होतं, मिस्टर लाभ.

*

कॉलेजच्या ऑफिसात एक मॅनेजर होते. त्यांना माझं मोजणं पसंत नव्हतं. म्हणाले, "हे काय बाजारासारखं? प्रॉपर लिस्ट ठेवा. नाव, पुढे टिक." आणि छापलेले कागद दिले. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "मुलं स्वतः टिक करतील. तुम्ही फक्त कागद जमा करा."

मी म्हटलं, "साहेब, गाडीत कागद चढत नाही. माणूस चढतो."

"ही ऑर्डर आहे."

ऑर्डर तर ऑर्डर. पुढची मॅच शारजाला होती. परत निघताना कागद माझ्या हातात आला. सोळा टिक. तरीही मी सवयीनं पायरी ऐकली होती. ती पंधरा वेळा वाजली होती.

मी गाडी हलवली नाही. जॉर्ज सर म्हणाले, "चाचा, लिस्ट में सब है. यल्ला, चलो." मी किल्ली काढून खिशात टाकली. सात मिनिटांनी आमचा लेफ्ट विंगर बिजू कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून शवर्मा खात आला. त्याची टिक त्याच्या मित्रानं केली होती.

"सॉरी चाचा," बिजू म्हणाला. "आधा खाओगे?"

दुसऱ्या दिवशी मी त्या यादीची नीट घडी करून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. यादी परत कधी आली नाही. मीही परत कधी मागितली नाही.

*

ही यादीची गोष्ट नदीमनं घरी सांगितली. तीन दिवसांनी त्याची आई अल कुसैसच्या आमच्या ग्राउंडवर आली. डोक्यावर ओढणी, हातात पिशवी. पंचेचाळिशीची बाई, पण चालणं साठीचं. नदीम लांब प्रॅक्टिस करत होता. तिनं हाक मारली, "नदीम, हकडं ये."

हकडं. आमच्या कोकणपट्टीतला शब्द. शहरातले लोक इकडे म्हणतात. मी तो कितीतरी वर्षांनी ऐकला. त्या ओळखीवरच आमचं बोलणं सुरू झालं.

"भाऊ, यादी फाडलीत ते तुम्हीच?"

"फाडली नाही, वहिनी. परत केली."

"मोजता कसं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात बरकत म्हणतात. माझे सासरे सुकी मासळी मोजायचे. बरकत, दोन, तीन." पिशवीचे बंद हाताला गुंडाळत होती. "माझा थोरला होता. नईम. बारा वर्षांचा. शाळेची पिकनिक खोर फक्कानला गेली होती. समुद्रावर. परत निघताना मास्तरांनी नावं घेतली. नईमचं नाव आलं तेव्हा त्याचा मित्र बोलला, आहे. त्याला वाटलं, मागच्या सीटवर असेल. गाडी सुटली. वाटेत मसाफीला पाणी घ्यायला थांबले, तेव्हा बघितलं. सीटवर दप्तर होतं."

"आणि मुलगा?"

"सगळे बोलतात समुद्र. कोणी बघितलं नाही. मिळाला नाही."

मी लांब गोलात उभ्या नदीमकडे पाहिलं.

"नदीमला सगळीकडं न्या," ती म्हणाली. "खोर फक्कान सोडून. आणि न्याल तेवढे आणा."

मी म्हटलं, "मोजून नेईन, मोजून आणीन."

गाडीच्या बाबतीत मी कोणाला शब्द देत नाही. शब्द पाळणं टायरच्या हातात असतं, ब्रेकच्या हातात असतं. त्या दिवशी दिला.

*

आमच्या ग्राउंडला लागून एक प्लॉट होता. चारी बाजूंनी उंच भिंत, लोखंडी गेट, गेटला कुलूप. आत काही नाही, वाळू आणि एक पडलेली पाण्याची टाकी.

एका दुपारी, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, अजान नुकतीच झाली होती, बिजूनं मारलेला बॉल भिंतीपलीकडे गेला. नवा बॉल होता. साठ दिरहमचा, म्हणजे तेव्हाचे सहाशे रुपये. जॉर्ज सर कपाळाला हात लावून उभे राहिले. भिंतीवर कोण चढणार यावर पोरांची वादावादी सुरू झाली.

तेवढ्यात बॉल परत आला. वरून आला, टप्पा घेतला आणि थेट नदीमच्या हातात.

नदीम सवयीनं ओरडला, "थँक यू!" मुजाहिदनं भिंतीकडे हात केला, "शुक्रन, हबीबी." आणि खेळ सुरू झाला.

पंधरा मिनिटांनी प्लॉटचा वॉचमन आला, म्हातारा पठाण. मी गाडीच्या सावलीत बसलो होतो, त्याला पाणी दिलं. म्हटलं, तुमच्या माणसानं बॉल परत दिला, मेहरबानी.

"कौन आदमी?"

"अंदर जो है."

त्यानं कंबरेची किल्ली काढून दाखवली. म्हणाला, "अंदर तो महीने से कोई नहीं गया." तो गेला, गेट उघडून पाहिलं. मीही गेलो. वाळूवर बॉल पडल्याचा एक खड्डा होता. बाकी वाळू वाऱ्यानं घडवलेली, तशीच्या तशी. त्यावर माणसाचं पाऊल नव्हतं.

पठाणानं गेट लावलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग मला म्हणाला, "भाई, बॉल उधर मत मारो."

मी पोरांना काही सांगितलं नाही. पण त्या बॉलनं परत कोणी खेळलं नाही. आपोआप बाजूला पडला. तो सीझनभर माझ्या सीटखाली होता. त्याची हवा कमी झाली नाही.

*

अजमानचा किस्सा जॉर्ज सरांचा आहे. माणूस चांगला, घाई फार.

मॅच हरलो, तीन-शून्य. तोपर्यंत चार मॅचमध्ये चार हरलो होतो, त्यामुळे कोणाला वाईटही वाटलं नाही. मी टायर बघत होतो. सर म्हणाले, "चाचा, आज मैं गिनता. मेरे को आता है." दारात उभे राहिले आणि चढणाऱ्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजू लागले. मग एकदम ओरडले, "पंधरा! एक नहीं है!"

सगळे खाली उतरले. ग्राउंड पाहिलं, बाथरूम पाहिले, शेजारची मशीद पाहिली. मुजाहिद रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन विचारून आला. अर्धा तास गेला. नदीम समोर दिसत होता, तरी मी दर मिनिटाला त्याच्याकडे बघत होतो. शेवटी मी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि मोजलं. सोळा.

"सर," मी म्हटलं, "आपने कैसे गिना?"

सरांनी छाती काढून मोजून दाखवलं. "लाभ, एक, दो, तीन..."

मी म्हटलं, "लाभ ही एक है, सर. लाभ के बाद दो."

"तो लाभ क्यों बोलता? एक बोलो ना."

पोरं हसून हसून लोळली. गोव्याचा पोरगा म्हणाला, "सर, इस हिसाब से हम पे हुए गोल भी गिन लो, तीन-शून्य का दो-शून्य हो जाएगा."

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आणि त्यांची सवयही मोडली नाही. बस भरताना ते आपले पुटपुटत राहायचे. लाभ, एक, दो. पंधरावर येऊन थांबायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "पंधरा, मतलब सोला." मी मान हलवायचो.

*

पहिला विजय उम्म अल क्वैनला मिळाला. डिसेंबर असावा. तिकडे थंडीत सकाळी धुकं उतरतं, आणि ते धुकं आपल्याकडच्यासारखं नाही. भिंत उभी राहते. मी गाडी ग्राउंडच्या कडेला लावली, तर मला माझा आरसा दिसेना. रेफरी म्हणाला, अर्धा तास थांबू. थांबलो. थोडं विरळ झालं, त्यानं शिट्टी वाजवली. पाच मिनिटांत परत दाट झालं. पण एकदा सुरू केलेलं बंद कोण करणार?

मला काही दिसत नव्हतं. फक्त बुटांचा आवाज, बॉलचा आवाज, हाका. "इधर!" "मॅन ऑन!" "पास, पास!" मग ओरडा झाला. आम्ही गोल केला होता. बिजूनं. एक-शून्य जिंकलो.

गाडीत गाणी चालली होती. बिजू मात्र पुढे येऊन माझ्या मागे बसला.

"चाचा, एक वर्ड पूछना था. हकडं मतलब क्या? मराठी है?"

"इधर," मी म्हटलं. "किसने बोला?"

"लेफ्ट में जो था."

"लेफ्टला तूच खेळतोस ना?"

"मेरे भी लेफ्ट में, चाचा. बार-बार बोल रहा था, हकडं, हकडं. दिखा नहीं. मैंने सोचा मुजाहिद होगा. तीन बार पास दिया. तीनों बार बॉल वापस आया, बराबर पैर में. तीसरी बार गोल मारा." त्यानं मागे मुजाहिदकडे पाहिलं. "मुजाहिद बोलता है वो पूरा टाइम राइट में था."

बिजूच्या डावीकडे पांढरी रेघ होती. रेघेपलीकडे खाडीचं पाणी.

मी समोरच्या आरशात पाहिलं. नदीमनं सगळं ऐकलं होतं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. शेजारची सीट नेहमीसारखी रिकामी होती. पण ग्लव्हज त्यानं तिथं ठेवले नव्हते. मांडीवर घेतले होते.

त्या दिवसापासून ते मांडीवरच राहिले.

*

त्यानंतर आम्ही हरलो नाही. का, ते जॉर्ज सरांनाही सांगता आलं नाही. ते म्हणायचे, ट्रेनिंग. फेब्रुवारीत फायनल लागली. समोरची टीम खोर फक्कानची, आणि मॅच त्यांच्या ग्राउंडवर.

दुसरा कीपर आमच्याकडे नव्हता. सर नदीमच्या घरी जाऊन आले, प्रिन्सिपलसाहेबांनी फोन केला. आई नाही म्हणाली. मला कोणी जायला सांगितलं नव्हतं. नदीम दोन दिवस प्रॅक्टिसला येऊन नुसता गोलात उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी मी गेलो.

अल कुसैसमध्येच, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंतीवर नईमचा शाळेतला फोटो होता. कान मोठे, केस नीट विंचरलेले. नदीम चटईवर बसला होता.

"भाऊ, तुम्हाला मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतंत. म्हणून मी विचारायला आलो, न्यायला नाही."

नदीम म्हणाला, "अम्मी, एकदा जाऊ दे. तिथं जायला घाबरत जन्म काढू काय?"

"तू गप."

"भाई तिथं आहे तर मी जाऊन येतो ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग फोटोकडे. चहा आणला, तो गार झाला. शेवटी मला म्हणाली, "शब्द देऊ नका. शब्द मास्तरांनी पण दिला होता. मोजाल?"

"मोजीन."

"दुसऱ्या कोणी नाय. तुम्ही."

"मी स्वतः."

"मग न्या."

*

शुक्रवारची मॅच, सकाळी नऊला. जुम्माच्या नमाजाआधी संपवायची असं ठरलं होतं. आम्ही पहाटेच निघालो. पायरी सोळा वेळा वाजली ती मी कान देऊन ऐकली. मसाफी मागे टाकली, डोंगर उतरलो, फुजैरावरून किनारा धरला.

ग्राउंड समुद्राला लागून होतं. एका गोलमागे जाळी, जाळीमागे भिंत, भिंतीमागे पाणी. लाटांचा आवाज येत होता आणि बंदरातल्या क्रेनचा. मॅच एक-एक राहिली. पेनल्टी लागल्या, आणि नाणेफेकीत समुद्राकडचा गोल आला.

मी आयुष्यात फार फुटबॉल पाहिलं नाही, पण त्या पेनल्टी पाहिल्या. कीपर किक बसल्यावर उडी मारतो, किंवा किकच्या बरोबर. नदीम आधीच हलायचा. समोरच्याचा पाय मागे जायच्या आत हा निघालेला असायचा, आणि बॉल तिथंच यायचा. पाचातल्या तीन अडवल्या. आम्ही जिंकलो.

पोरांनी त्याला उचललं. सर विचारत होते, "कैसे किया रे, लाभ?" तो म्हणाला, "अंदाजा, सर."

पाणी प्यायला माझ्याकडे आला तेव्हा मराठीत म्हणाला, "काका, गोलच्या मागून कोणीतरी सांगत होतं."

"काय?"

"हकडं, म्हणायचं. ज्या बाजूनं आवाज यायचा तिकडं मी उडी मारायचो."

"आवाज कसा होता?"

त्यानं बाटली बंद केली. "लहान," म्हणाला.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

जुम्मा झाला, जेवण झालं, आणि निघायच्या वेळी गाडीचा फॅन बेल्ट तुटला. जादा बेल्ट माझ्याकडे असायचाच. पण इंजिन तापलेलं, नट अडकलेला. मी बॉनेटखाली, हात कोपरापर्यंत काळे. ग्राउंडवाले गेट बंद करायला आले होते, हॉर्न वाजवत होते. सर म्हणाले, "चाचा, आप बेल्ट देखो. मैं चढाता." बेल्ट बसला तसं इंजिन चालू करून बघत होतो, त्या आवाजात पायरी ऐकू आली नाही. मला वाटलं, बसल्यावर मोजू.

बॉनेट लावलं, हात पुसत आत आलो. मागून गाणी, समोर हॉर्न. मी विचारलं, "सोला?"

सर म्हणाले, "सोला. एक-एक के सर पे हाथ रख के गिना."

आरशात नदीम दिसला. मी गाडी काढली.

अकरा वर्षांत तेवढं एकदाच मी स्वतः मोजलं नाही. नेमकं तिथून निघताना. त्याला सबब नाही, बेल्ट ही सबब नाही.

डोंगर लागला. पोरं गाऊन दमली, एकेक झोपलं. ऊन लख्ख होतं. आरशात बघतो तर नदीम खिडकीजवळ नव्हता. कडेच्या सीटवर बसला होता, अंग चोरून, जेमतेम अर्ध्या सीटवर. खिडकीजवळची जागा रिकामी. त्याचा एक हात त्या रिकाम्या सीटच्या पाठीवर होता, आपण शेजाऱ्याच्या खांद्यामागून टाकतो तसा. डोळे मिटलेले.

मसाफी आलं. का कोण जाणे, मी सरांना विचारलं, "सर, कैसे गिना था?"

सर अर्धे झोपेत होते. "कितनी बार बताऊँ. लाभ, एक, दो, तीन..." असे पुटपुटत, हवेतल्या डोक्यांवर हात ठेवत ते मोजत गेले. "...चौदा, पंधरा, सोला."

"पंधरा पे रुके नहीं?"

"नहीं. सोला आया. पूरा."

"अपने आप को तो नहीं गिना?"

"मैं नीचे खडा था, चाचा."

लाभ, आणि वर सोळा. मी ते मनात दोनदा केलं. मग गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. गाणी नव्हती, इंजिन बंद केलं होतं, सगळे आपापल्या जागी होते. मी लीव्हर ओढून दार उघडलं.

पायरी कुरकुरली. एकदाच.

मी मान वळवली. सीटवरून कोणी उठलं नव्हतं. बाहेर रस्ता, दगड, ऊन. मग मी उभा राहिलो आणि बोटानं मोजलं. लाभ, दोन, तीन. सोळा. परत मोजलं. सोळा. नदीम जागा झाला होता. त्यानं सीटच्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि खिडकीकडे सरकला.

"काय झालं, काका?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि दार लावलं.

अल कुसैसला पोहोचलो तेव्हा असर होऊन गेली होती. नदीमची आई बिल्डिंगखाली उभी होती. किती वेळ, ते माहीत नाही. नदीम कप घेऊन उतरला. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, केसांवरून हात फिरवला, त्याला वर पाठवलं. मग गाडीच्या दाराशी आली.

"मोजलंत, भाऊ?"

खोटं बोलायची मला सवय नाही. म्हटलं, "वहिनी, खोर फक्कानला मी नाही मोजलं. बेल्ट तुटला होता. सरांनी मोजलं. डोक्यावर हात ठेवून."

"किती?"

"सतरा."

तिनं दाराची दांडी धरली.

"आणि हकडं?"

"सोळा. मसाफीला मी गाडी थांबवली, मोजलं. सोळाच होते."

ती आत बघत होती. पहिली सीट, खिडकीजवळची. बराच वेळ बघत होती. मग हळू आवाजात विचारलं, "मसाफीला दार उघडलंत?"

"उघडलं."

"कशाला उघडलंत, भाऊ?"